पट्टकदंब हंसांचे फोटो: थवा न उडवता ते कसे मिळवायचे

हिवाळ्यात महाराष्ट्रात येणारा रानहंस म्हणजे मुख्यतः पट्टकदंब. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, मानेच्या दोन्ही बाजूंना खाली उतरलेली पांढरी रेघ, राखाडी अंग, पिवळी-नारिंगी चोच आणि तिच्या टोकाला काळा ठिपका. बऱ्याच गावांत याला सरळ राजहंसच म्हणतात. भिगवण, जायकवाडी, नांदूर मधमेश्वर इथे थंडीत रविवारी सकाळी पाहिलं तर हंसांइतकीच लेन्सांचीही गर्दी असते. फोटोही ढिगाने निघतात, पण त्यातले निम्मेअधिक पाठमोरे: दूर जाणारे पंख, शेपट्या आणि खाली फुटलेलं पाणी. लेन्स छोटी होती म्हणून असं होत नाही. फोटो काढणारा नको तितका जवळ गेला आणि थवा उठला, म्हणून होतं.

हंसाचा चांगला फोटो अंतर कमी करून मिळतो हे खरं, पण ते अंतर हंसाला कमी करू द्यायचं. तो कुठे येणार हे ओळखून आधी जाऊन बसायचं. खालची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

आधी त्याचा दिवस समजून घ्या

पट्टकदंब उन्हाळ्यात तिबेट, मंगोलिया, मध्य आशिया आणि आपल्या लडाखमध्ये वीण करतो. नोव्हेंबरपासून तो दख्खनवर दिसू लागतो आणि मार्चपर्यंत परततो. जाता-येता हिमालय ओलांडावा लागतो. पाठीवर यंत्र बसवून केलेल्या अभ्यासात याची नोंदलेली कमाल उंची ७,२९० मीटर आहे. हे अंतर तो वाऱ्यावर तरंगत कापत नाही, पंख मारत मारत कापतो. आणि बऱ्याचदा रात्री किंवा पहाटे, कारण तेव्हाची थंड हवा दाट असते. दोन ते तीन किलोचा हा पक्षी त्या प्रवासाची शिदोरी आपल्या पाणवठ्यांवर आणि शेतांत जमवतो. आपण थवा एकदा उडवला की त्यातली थोडी खर्च होते आणि चरण्याचा वेळही जातो. एकाच सकाळी पाच होड्यांनी पाच वेळा उडवला, तर हिशेब तुम्हीच करा.

हंस हा बदकापेक्षा गुराच्या जवळचा प्राणी समजा, म्हणजे त्याचं वागणं पटकन कळेल. तो चरतो. काठावरचं कोवळं गवत, हरभऱ्याचे शेंडे, गव्हाची कोवळी पात, काढणीनंतर रानात राहिलेलं धान्य हे त्याचं खाणं. रात्री, पहाटे आणि संध्याकाळी चरायचं आणि दिवसाचा मोठा भाग उघड्या काठावर, बेटावर किंवा उथळ पाण्यात विसावायचं, असा साधारण क्रम असतो. जिथे त्रास कमी तिथे तो काठावरच्या गवतात दिवसाही चरतो. म्हणजे रोज दोनदा, पहाटे आणि संध्याकाळी, हा पक्षी आपणहून उडतो. उडतानाचे फोटो हवे असतील तर याच दोन वेळा धरा. मधल्या वेळात उडणारा थवा बहुतेकदा कुणीतरी किंवा कशाने तरी उठवलेला असतो. कधी ती दलदल हरिण (पाणवठ्यावर घिरट्या घालणारा शिकारी पक्षी) असते, कधी कुत्रं, पण बऱ्याचदा माणूसच.

जागा आणि हंगाम

पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण १०० किलोमीटरवर भिगवण. भीमेवरच्या उजनी धरणाचं फुगवट्याचं पाणी इथवर पसरलेलं आहे आणि कुंभारगाव, डिकसळ या गावांतून मच्छीमारांच्या होड्या मिळतात. नाशिकच्या बाजूला निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे अभयारण्य महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून २०२० साली जाहीर झालं. पैठणचा नाथसागर प्रचंड पसरलेला आहे, त्यामुळे तिथे थवा नेमका कुठे बसतो हे स्थानिक माणसाशिवाय कळत नाही. दक्षिण महाराष्ट्रातल्या लोकांनी सीमेपलीकडे गदग जिल्ह्यातला मागडी तलाव जरूर पाहावा. तलाव लहान आहे पण पट्टकदंबांची गर्दी फार मोठी असते.

महिना ठरवताना पंचांगापेक्षा धरणाची पाणीपातळी जास्त उपयोगी. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर पाणी थेट उसाला आणि बाभळींना भिडतं. हंसाला उतरायला मोकळा, उथळ काठच राहत नाही. पाणी ओसरू लागलं की गाळपेर जमीन उघडी पडते, तिच्यावर गवत फुटतं आणि मग थवे काठाला येतात. चांगल्या पावसाच्या वर्षी यासाठी जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो. कमी पावसाच्या वर्षी डिसेंबरातच काठ तयार असतो. निघण्यापूर्वी होडीवाल्याला फोन करून "हंस आलेत का?" एवढंच विचारू नका. "काठ उघडा पडलाय का, हंस कोणत्या अंगाला बसतात, सकाळी कुठून येतात?" हे विचारा. मच्छीमार पहाटे जाळी काढायला पाण्यात असतो. त्याला हे नेमकं माहीत असतं.

आदल्या संध्याकाळची पाहणी

शक्य असेल तर आदल्या दिवशी दुपारी पोहोचा आणि कॅमेरा गाडीत ठेवून फक्त दुर्बीण घ्या. लांबूनच, काठापासून २००-३०० मीटरवरून पाहा. थवा कुठे बसलाय, दिवस मावळताना कोणत्या दिशेने उठतो, कोणत्या झाडांवरून किंवा बांधावरून जातो हे टिपून ठेवा. हंस वाटेच्या बाबतीत सवयीचे असतात. त्रास झाला नाही तर दुसऱ्या दिवशीही बहुधा त्याच बाजूने येतात.

थवा उठून गेल्यावर त्याची बसायची जागा लांबून न्याहाळा, आणि तिथे दुसरे पक्षी नसतील तरच जवळ जा. जमिनीवर पुरावे सापडतील. बोटभर लांबीच्या, गोलसर लेंड्या, आत गवताचे तंतू स्पष्ट दिसणाऱ्या. ओल्या आणि हिरव्या असतील तर आजच्या. करड्या आणि भुसभुशीत झाल्या असतील तर थव्याने जागा बदललेली असू शकते. ओल्या गाळात पडदा असलेल्या पावलांचे ठसे असतात आणि ते सगळे आतल्या बाजूला वळलेले दिसतात, कारण हंस डुलत चालतो. गवताची पाती जमिनीलगत कातरल्यासारखी खुडलेली असतात. अशी हिरवी जागा सापडली की दुसऱ्या दिवशी कुठे बसायचं ते ठरलं.

इथेच गाळाची एक सूचना, आणि ही हलक्यात घेऊ नका. धरणाचा उघडा पडलेला गाळ वरून भेगाळलेला आणि कडक दिसतो, आत मात्र मऊ असतो. काठी खुपसून पाहिल्याशिवाय पुढे पाय टाकायचा नाही. अंधारात तर नवीन वाट मुळीच धरायची नाही. वाट संध्याकाळीच चालून ठेवा आणि एकट्याने जाऊ नका.

सामान

४०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स पुरते. १००-४०० किंवा १५०-६०० अशी झूम लेन्स झूम न होणाऱ्या प्राइम लेन्सपेक्षा इथे जास्त कामाची, कारण थवा अंगावर आला की ६०० मध्ये तो मावत नाही. थोडं गणित डोक्यात असू द्या. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ६०० मिलिमीटर लावून ५० मीटरवर पाहिलं तर चौकटीची रुंदी भरते ३ मीटर. हंसाची लांबी साधारण ७०-७५ सेंटिमीटर, म्हणजे एक पक्षी चौकटीच्या पाव भागात बसतो. क्रॉप सेन्सरवर (त्याहून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) तीच रुंदी २ मीटरच्या आसपास होते. एका हंसाचं, त्याच्या आजूबाजूच्या गवतासकट चांगलं चित्र यायला ५० मीटर भरपूर झाले. २० मीटरवर जायचा हट्ट कशाला, हा प्रश्न या आकड्यांनंतर पडायलाच हवा.

काठावर झोपून काढायचं असेल तर तिपाई अडचणीची होते. जुना पसरट तवा घ्या, मध्ये भोक पाडून त्याला बॉलहेड (कॅमेरा हवा तसा वळवता येणारा तिपाईचा सांधा) बोल्टने आवळा. गवतातून आणि गाळावरून तो पुढे सरकतो आणि कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर राहतो. होडीत आणि गाडीच्या खिडकीवर तांदूळ किंवा वाळू भरलेली पिशवी सगळ्यात बरी. कपडे मातकट रंगाचे, तोंड आणि हात झाकलेले. पांढरी टोपी आणि चकाकणारं घड्याळ नको. मातकट जाळीचं कापड अंगावर ओढता आलं तर उत्तम. लेन्स बदलायची ती गाडीतच. वाळलेल्या गाळाची धूळ फार बारीक असते आणि सेन्सरवर बसली की आकाशाच्या प्रत्येक फोटोत दिसते.

कोणत्या काठावर बसायचं

हंस उतरताना आणि उठताना वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करतो. पक्षीछायाचित्रणातली ही सगळ्यात उपयोगी गोष्ट असूनही बरेच जण तिच्याकडे लक्ष देत नाहीत. वारा तुमच्या पाठीवर असेल तर उतरणारा हंस तुमच्याकडे तोंड करून येतो, उठणाराही आधी तुमच्याच दिशेने उठतो. वारा तोंडावर असेल तर दिवसभर शेपट्याच मिळतील.

सकाळचा सूर्यही पाठीशी हवा. म्हणजे पाण्याच्या पूर्वेच्या काठावर बसून पश्चिमेकडे पाहायचं, आणि वारा पूर्वेकडून असला तर दोन्ही गोष्टी एकदम साधतात. वारा उलटा असेल तर मी उजेडापेक्षा वाऱ्याला महत्त्व देतो आणि मागून येणारा प्रकाश स्वीकारतो. पंखांच्या कडा उजळलेला, समोरून येणारा हंस चांगल्या उजेडातल्या पाठमोऱ्या हंसापेक्षा कधीही सरस. वारा कळत नसेल तर चिमूटभर कोरडी माती सोडून पाहा किंवा लांबच्या चुलीचा धूर बघा.

जानेवारीत सूर्योदय सातच्या सुमारास होतो. त्याच्या तासभर आधी, काळोखातच जागेवर आडवं व्हायचं. उजाडल्यावर चालत गेलात तर थव्याने तुम्हाला पाहिलंच म्हणून समजा. मग तुम्ही कितीही स्थिर बसा, तो शंभर मीटर पलीकडे उतरतो. बाभळीच्या झुडपाचा, बांधाचा किंवा वाळलेल्या पाणकणसाचा आडोसा घ्या. आपली आकृती आकाशाच्या रेषेवर उठून दिसणार नाही एवढं पाहा. मोबाईल बंद, कॅमेऱ्याचा बीप बंद, मागच्या पडद्याचा उजेड अगदी कमी.

मान काय सांगते

आता खरा भाग. लेन्स कुठलीही असो, हंसाची मान वाचता आली नाही तर सगळी तयारी वाया जाते.

निर्धास्त थवा चरताना एका दिशेला हळूहळू सरकत असतो. माना खाली, चोचीने गवताचं पातं धरून मानेला बारीक हिसका, दोन पावलं पुढे, पुन्हा हिसका. शांत सकाळी पात्या तुटल्याचा बारीक आवाजही ऐकू येतो. कडेचे एक-दोन पक्षी मान वर करून उभे असतात. ते राखणीला आहेत, त्यांनी मान वर केली म्हणून घाबरायचं कारण नाही. थोड्या वेळाने ते खाली वाकतात आणि दुसरं कुणीतरी मान वर करतं.

मग कधीतरी एकाच वेळी पाच-सहा माना वर होतात. चरणं थांबतं. मान नुसती वर नसते, काठीसारखी ताठ आणि नेहमीपेक्षा बारीक दिसते, आणि डोकं एका बाजूला वळवून एक डोळा तुमच्यावर रोखलेला असतो. माझा ठोकताळा असा: थव्यातल्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक माना ताठ झाल्या की आहे तिथे गोठायचं. शटरही नाही. तोंड जमिनीकडे, डोळे खाली. बहुतेक वेळा दोन-चार मिनिटांत माना एकेक करून उतरतात. उतरल्या नाहीत, पक्षी आडवे वळून चालत दूर जायला लागले, तर तुम्ही मर्यादा ओलांडलेली आहे आणि आल्या वाटेने सरपटत मागे जायची वेळ झाली आहे. यानंतरची खूण म्हणजे डोक्याचे झटके: चोच किंचित वर करून डोकं जलद हलवणं. एकाने सुरू केलं की शेजारचा करतो, आवाजाची लय वाढते आणि काही क्षणांत थवा हवेत असतो.

हेच झटके पहाटे, कुणी त्रास न देताही दिसतात, कारण निघण्याआधी हंस एकमेकांना असंच तयार करतात. लांबून बसलेल्या माणसाला ही खूण मोठी भेट आहे. कुटुंबातल्या एका जोडीने डोकं हलवायला सुरुवात केली की फोकस तिथे ठेवा, शटर अर्धं दाबा आणि वाट पाहा. थवा एकदम उठत नाही, कुटुंबाकुटुंबाने उठतो. पिल्लं पहिला हिवाळा आईबापांसोबतच काढतात. ती ओळखायला सोपी: डोक्यावर पट्टे नसतात, डोकं आणि मानेची मागची बाजू करडी-तपकिरी असते. जोडी आणि तिची दोन-तीन मळकट डोक्याची पिल्लं एका चौकटीत आली तर तो फोटो पन्नास हंसांच्या गर्दीपेक्षा कितीतरी जास्त सांगतो.

जवळ जावंच लागलं तर सरळ रेषेत जाऊ नका. तिरकं, थांबत थांबत, मान खाली असतानाच सरका. थवा रोजच्या गुराख्याकडे, म्हशींकडे, जाळीवाल्याकडे फारसं बघत नाही. उभा राहून टक लावून बघणारा आणि पुन्हा दोन पावलं पुढे येणारा माणूस त्याला शिकाऱ्यासारखा वाटतो. आणि आसपास चक्रवाक असतील तर त्यांच्यावरही लक्ष ठेवा. तो फार सावध पक्षी आहे. त्याने ओरडायला सुरुवात केली की हंसांच्या मानाही वर जातात.

कॅमेरा कसा लावायचा

बसलेल्या किंवा चरणाऱ्या हंसाला १/५०० ते १/८०० सेकंदाचं शटर पुरतं. उडत्याला १/२०००, उजेड असेल तर त्याहून जलद. फोकस सतत मागोवा घेणारा, पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती चालू. घनदाट थव्यात मात्र ती एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर उड्या मारते, तेव्हा फोकसच्या छोट्या झोनवर या आणि पुढचा पक्षी धरा.

प्रकाशाचं गणित, म्हणजे एक्सपोजर, हंसाच्या डोक्यावर करा. अंग राखाडी असल्याने कॅमेरा फसतो आणि डोक्याचा पांढरा भाग जळतो. एकदा जळला की दोन काळे पट्टे हवेत तरंगल्यासारखे दिसतात. म्हणून मॅन्युअल वापरा. सूर्य वर येऊन अर्धा तास झाला असेल तर एफ ६.३ (लेन्सच्या छिद्राचा आकडा), १/२००० आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ८०० ते १६०० यांपासून सुरुवात करा, एक चाचणी फोटो घ्या, कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोक्याच्या जागी जळल्याचा लुकलुकणारा इशारा दिसला तर आयएसओ एक पायरी खाली. मग आयएसओही तिथेच बांधून टाका. थवा गडद बाभळींपुढून पाण्यावर आणि पाण्यावरून आकाशात गेला तरी त्याच्यावर पडणारा सूर्यप्रकाश तोच असतो. पार्श्वभूमी बदलली म्हणून आपण काही बदलायचं नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी, ऊन वाढेल तसं, एकदा तपासलं की झालं.

फोकसची खोली हा इथला दुसरा सापळा. ६०० मिलिमीटर, एफ ६.३, अंतर ५० मीटर: साधारण अडीच मीटरच स्पष्ट येतात. एफ ११ केलं तरी साडेचार मीटरच्या आसपास. म्हणजे तीन ओळींत बसलेला थवा सगळा स्पष्ट येणारच नाही. त्यामागे लागण्यापेक्षा एक ओळ निवडा, पक्षी तुमच्याशी समांतर चालत असतील तो क्षण पकडा आणि बाकीचा थवा धूसर होऊ द्या.

पट्टकदंब सेकंदाला साधारण चार वेळा पंख मारतो. सेकंदाला दहा फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात एका फडक्याचे दोन-तीनच फोटो येतात, तेही कुठल्याही स्थितीतले. पंख पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असलेली सुबक चौकट हवी तर बर्स्ट (बटण दाबून ठेवून सलग फोटो) किमान सेकंदभर चालू ठेवा. आवाज नसलेलं इलेक्ट्रॉनिक शटर बसलेल्या पक्ष्यासाठी छान. उडत्या पक्ष्याला काही कॅमेऱ्यांत त्यामुळे पंख वाकडे दिसतात, घरी कावळ्यांवर आधी तपासून घ्या.

उतरणाऱ्या हंसाकडे खास लक्ष द्या. तो पंखांची ओंजळ करतो, शेपटी पसरतो, नारिंगी पाय पुढे काढतो आणि शेवटच्या काही मीटरमध्ये जवळजवळ थांबतो. कधी उंची पटकन कमी करायला हंस अंग उलटं करून घसरतात: पोट वर, पाठ खाली आणि डोकं मात्र सरळ! अशा वेळी झूम जरा सैल ठेवा. पंखांची टोकं कापलेला फोटो दुरुस्त होत नाही, मोकळी जागा मात्र नंतर कापता येते.

होडीतून

भिगवणला बहुतेकांना होडी घ्यावी लागते. होडीत खाली बसा, पिशवी काठावर ठेवा, कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ तितकी पार्श्वभूमी मऊ. लेन्सचं कंपनरोधन चालू, शटर १/१६०० च्या खाली नको. होडीवाल्याशी बोलणं मात्र काठावर असतानाच झालं पाहिजे. "दादा, आम्हाला थवा उडवून नकोय. लांबच इंजिन बंद करा, बांबूने हळू न्या, मी हात केला की थांबा. उशीर झाला तरी चालेल, पैसे तेवढेच देतो." हे शेवटचं वाक्य विसरू नका. पक्षी उडवण्याची सवय होडीवाल्यांना गिऱ्हाईकांनीच लावली आहे, कारण गिऱ्हाईक घाईत असतं आणि उडता थवा पाहून खूश होतं. सावकाश जाण्याचे पैसे मिळतात हे कळलं की हेच लोक उत्तम वाटाडे होतात. वाऱ्यावर होडी आपसूक वाहत थव्याला समांतर जाईल अशी सोडली, तर हंस बऱ्याचदा तिला जवळून जाऊ देतात.

अभयारण्यात वनविभागाचे नियम आणि कॅमेरा शुल्क आधी विचारून घ्या. ड्रोन कुठेही नको. वरून येणारी आवाज करणारी वस्तू सगळा पाणवठा उठवते.

शेतात चरणारे हंस

हरभऱ्याच्या किंवा गव्हाच्या रानात थवा उतरला तर आधी शेतकऱ्याला भेटा. त्याच्या पिकाचं नुकसान होत असतं आणि तो वैतागलेला असू शकतो; त्याचं ऐकून घ्या. परवानगी मिळाली तर बांधावरूनच काढा, पिकात पाय नको. गाडी बांधाच्या रस्त्यावर उभी करून, इंजिन बंद ठेवून खिडकीतून काढणं सर्वांत सोपं. उभ्या गाडीला हंस सरावतात. दार उघडलं की संपलं.

ऊन चढल्यावर

नऊ-साडेनऊनंतर पाणी आणि गाळावरून झळ उठायला लागते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण ६०० मिलिमीटरने काढलेला प्रत्येक फोटो धुतल्यासारखा येतो आणि लोक लेन्स दुरुस्तीला टाकतात! ही लेन्सची चूक नसते. महाग लेन्सनेही झळ जात नाही. लांबचे फोटो थांबवा आणि छोटी लेन्स काढा: पाणी, काठावरची गुरं, जाळी, मागचा उसाचा पट्टा आणि मध्ये विसावलेल्या थव्याची बारीक रांग. हंस कुठे राहतो हे सांगणारे असे फोटो फार कमी लोक काढतात.

संध्याकाळ

सूर्य मावळतीला असताना पूर्वेकडे तोंड करून उतरणारे हंस मागून उजळतात, तेव्हा काळ्या आकृत्या काढा. आकाशावर प्रकाश मोजा, एक पायरी कमी करा, आणि माना एकमेकींवर येणार नाहीत अशी रांग शोधा. उजेड आणखी उतरला की शटर १/३० किंवा १/१५ वर आणून थव्याबरोबर कॅमेरा फिरवा. १/१५ सेकंदात पंखाचा जेमतेम पाव फडका होतो. पंख वाहतात, डोकं नशिबाने स्पष्ट राहतं. शंभरातले दोन-तीन जमतात, तेवढे पुरेत.

लडाखला जाणार असाल तर

जून-जुलैत त्सो मोरिरी आणि त्सो करच्या परिसरात हेच हंस वीण करताना भेटतात, साडेचार हजार मीटरच्या आसपास उंचीवर. तिथले नियम वेगळे समजा. घरट्याकडे जायचंच नाही. पालक उठले की अंडी थंड पडतात आणि पिल्लं कुत्र्यांना, कावळ्यांना उघडी पडतात. रस्त्यावरून, गाडीतून जे मिळेल तेवढंच.

फोटो घरी आणल्यावर

रॉ फाइल उघडल्यावर आधी चोच पाहा. ती पिवळी-नारिंगी दिसत असेल तर रंग जागेवर आहेत. लालभडक झाली असेल तर रंग ओढून ताणले गेलेत. डोक्याच्या पांढऱ्यात पिसांचा पोत शिल्लक आहे का ते मोठं करून बघा. फोटो टाकताना धरणाचं नाव लिहायला हरकत नाही. थवा उतरतो ते नेमकं शेत किंवा बेट मात्र लिहू नका, पुढच्या रविवारी तिथे दहा गाड्या येतात.

मेलेला किंवा मान टाकलेला हंस दिसला तर हात लावू नका आणि वनविभागाला कळवा. २००५ साली चीनमधल्या छिंगहाय सरोवरावर बर्ड फ्लूने हजारो रानपक्षी मेले, त्यात पट्टकदंब मोठ्या संख्येने होते. तेव्हापासून अशा प्रत्येक बातमीला महत्त्व आहे.

आणि सगळे फोटो एकदा गळ्यासाठी आणि पायांसाठी चाळा. मंगोलियात अभ्यासकांनी पट्टकदंबांच्या गळ्यात अक्षरं-आकडे असलेल्या प्लास्टिकच्या कड्या घातल्या आहेत आणि असे हंस भारतात दिसतात. कडी दिसली तर अक्षरं वाचता येतील असे फोटो दोन्ही बाजूंनी घ्या, तारीख, ठिकाण, थव्यातली अंदाजे संख्या लिहा आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पाठवा. फोटो धूसर असला तरी पाठवा. अक्षरं वाचता आली, तर तो हंस कुठे आणि केव्हा कडी घालून सोडला होता हे कळू शकतं.